सीटवरचा स्वच्छ चौकोन

अपघातापेक्षा मला त्या गाडीची सीट जास्त आठवते. पस्तीस वर्षे अंगावर खाकी होती. खून पाहिले, दरोडे पाहिले, विहिरीतून काढलेली प्रेते पाहिली. त्यातले बरेचसे विसरलोही. पण सकाळी चहाचा कप हातात घेतला, की ड्रायव्हरची ती रिकामी सीट डोळ्यांपुढे येते. इथे मी कुणाचेही नाव लिहिणार नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांचे नावावाचून काही अडणार नाही.

नोकरीचे ते शेवटचे वर्ष होते आणि मावळातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. नवी न्याय संहिता लागू झाली होती, पण कलमांचे नवे आकडे आमच्या जिभेवर बसायचे होते. हवालदार जुने कलम लिहायचे, जीभ चावायचे आणि खोडून नवे लिहायचे. माझी पत्नी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. घरी जायची घाई नसल्यामुळे मी ठाण्यात गरजेपेक्षा जास्त वेळ बसायचो. लोक म्हणायचे, साहेब कामाला वाघ आहेत. मी ते खोडून काढले नाही.

एका सकाळी, आठ वाजायच्या सुमारास फोन आला. कामशेतच्या पुढे, जुन्या महामार्गावरच्या एका फाट्याशी मिनीबसचा अपघात झाला होता. ही बस लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या कामगारांची ने-आण करायची. सोमाटण्याहून निघायची आणि वाटेतल्या गावांतून माणसे घेत लोणावळ्याला पोचायची. गाडी मात्र हॉटेलची नव्हती, एका ठेकेदाराची होती. फाट्याच्या अलीकडे उतार आहे. त्या उतारावर ब्रेक लागलाच नाही. गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या एका बाईच्या पायावरून चाक गेले आणि गाडी पुढच्या मातीच्या बांधात घुसली. आतल्या माणसांना खरचटण्यापलीकडे काही झाले नाही.

ती बाई हॉटेलच्या लाँड्रीत काम करायची. डोंगरावरच्या वाडीतली, तिशीच्या आतली. वाडीतून महिन्याच्या पगाराची नोकरी धरणारी ती पहिलीच. आमचे हवालदार तिला ताई म्हणायचे, मीही इथे तेच म्हणतो. ताईचा उजवा पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

मी पोचलो तेव्हा ड्रायव्हर जागेवर होता. हे मुद्दाम लिहितो, कारण अपघातानंतर जागेवर सापडणारा ड्रायव्हर विरळा. जमावाच्या भीतीने भले भले शेतातून पळतात. हे मात्र फाट्यावरच्या चहाच्या टपरीपुढे बाकावर बसले होते. वय अठ्ठावन्न, बायको जाऊन बारा वर्षे झालेली, मूलबाळ नाही. सगळे त्यांना आबा म्हणत. मला पाहताच उठले आणि दोन्ही मनगटे पुढे केली.

"माजीच चूक हाय, सायेब. लिवा."

इतक्या लवकर कबूल होणाऱ्या माणसाचा मला नेहमीच संशय येतो.

गाडीचा पंचनामा सुरू केला. या गाडीत हॉटेलवाल्यांच्या आग्रहाने एक यंत्र बसवले होते. दार उघडे राहिले, इंजिन तापले, ब्रेकच्या हवेचा दाब उतरला, की ते ड्रायव्हरला तीन तऱ्हेने सांगायचे. समोर लाल दिवा लागायचा, एका बाईचा रेकॉर्ड केलेला आवाज काय बिघडले ते बोलायचा, आणि सीटमध्ये बसवलेली पट्टी थरथरू लागायची. एखाद्याचे लक्ष दिव्याकडे गेले नाही तर कान आहेत, कानाने दगा दिला तर अंग आहे, असा तो हिशेब. आम्ही पाहिले तर दिव्याच्या जागी भोक होते आणि आवाजाची वायर डॅशबोर्डच्या मागे पकडीने कापून तिला काळी टेप गुंडाळलेली होती.

सीटवर धूळ होती. बसणाऱ्या जागी मात्र एक चौकोन स्वच्छ होता, आखल्यासारखा. तिथे काहीतरी बरेच महिने अंथरलेले असणार आणि ते आज सकाळीच उचललेले असणार.

"इथं काय होतं, आबा?"

"काय न्हाई."

त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. पंचनाम्यात मी ते नोंदवून घेतले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात खबर आली. फोन करणाऱ्याने नाव सांगितले नाही. म्हणाला, "वायर ड्रायव्हरनंच कापलीय. त्या आवाजाला वैतागला होता तो. डॅशबोर्डच्या मागं हात घातला की कापलेली वायर लागेल. त्याच्या पेटीत पकडपण असेल." पेटी उघडली, तर पकड होती. ड्रायव्हरच्या पेटीत पकड नसेल तर काय पोळपाट असेल? पण मला तेव्हा हे सुचले नाही. ब्रेकचा इशारा देणारे यंत्र ड्रायव्हरने स्वतः तोडले असेल, तर तो साधा निष्काळजीपणा राहत नाही. जाणूनबुजून लोकांचा जीव धोक्यात घातल्याचे जड कलम लागते. मी खूश झालो होतो. शेवटच्या वर्षात एक चोख तपास हाती लागला, असे मनात आले. आज ते आठवले की स्वतःचीच लाज वाटते.

त्यातच मोटार वाहन निरीक्षकांचा प्राथमिक अहवाल आला. ब्रेकची हवा गळत होती. दिवा आणि आवाज बंद होते. पण सीटमधली पट्टी पूर्ण चालू होती. म्हणजे गाडी उताराला लागण्याआधीच सीट आबांना सांगत होती, आणि तरी आबांनी गाडी थांबवली नाही. ठेकेदाराने जबाबात तेच धरले. "साहेब, धोका कळत असूनही गाडी हाकली त्यानं. आम्ही काय करणार?"

आबांची चौकशी मी दोन दिवस केली. आवाज चढवून पाहिला. एक अख्खा तास काही न बोलता समोर बसून पाहिले. यात भलेभले वाकतात, कारण शांतता माणसाला सोसत नाही. आबांना ती सहज सोसली. माझ्या उशिरा लक्षात आले की या माणसाला शांततेची माझ्यापेक्षा जास्त सवय होती.

"वायर तुम्हीच कापली?"

"व्हय."

"कधी?"

"आठवत न्हाई."

"सीट थरथरत होती, ते कळलं नाही?"

इथे त्यांचा चेहरा बदलायचा. ओठ हलायचे, मग पुन्हा तेच. "माजीच चूक. लिवा की सायेब, कशाला घोळ घालताय?"

तिसऱ्या दिवशी हवालदार म्हणाले, "साहेब, टपरीवरच्या मावशीचा जबाब आपण उभ्या उभ्या घेतला. एकदा बसून घेऊ या." हवालदार मावळातलेच. त्यांच्या सल्ल्याला मी सहसा नाही म्हणत नसे.

मावशी त्या फाट्यावर कैक वर्षे चहा विकते. आबा तिथे रोज गाडी उभी करून चहा घ्यायचे. वायर आबांनी कापली असे मी म्हणताच मावशीने गाळणी आपटली.

"आबा ती वायर कापत्यात? येडं का खुळं तुमी?" मग आपण साहेबाशी बोलतोय हे ध्यानात येऊन पदर सावरला. "आवो, ते यंतर बोलायचं, 'दरवाजा उघडा आहे.' आबा हितनं चा पीत वरडायचं, 'व्हय बाई, लावतो.' ते म्हनायचं, 'कृपया लक्ष द्या.' आबा म्हनायचं, 'देतो की बाई.' लोकं लय हसायची. मी इचारलं, आबा, यंतराला काय जाब देताय? तर म्हनले, दिसभरात आपनहून माझ्याशी बोलनारं दुसरं कोन हाय गं?"

मी वही खाली ठेवली.

"मग म्हैन्याभरापूर्वी ती बोलायची बंद झाली. आबा दोनदा गेलते ठेकेदाराकडं, बाईला बोलती करा म्हून. त्यानं हाकलून लावलं. हितं येऊन बसले आन् म्हनले, मावशे, गाडीत करमत न्हाई."

जो माणूस यंत्राच्या आवाजाला उत्तर देतो, तो त्याची वायर कापत नाही. कायद्याच्या पुस्तकात असा पुरावा बसत नाही, पण माझ्या मनात मात्र बसला. आणि मग तो निनावी फोन आठवला. वायर डॅशबोर्डच्या मागे कापलेली आहे, हे आमचा पंचनामा सोडून कुणाला माहीत होते? ज्याने कापली त्याला. इतकी उघड गोष्ट मला तीन दिवस दिसली नव्हती.

"मावशी, सीटवर काय अंथरलेलं असायचं?"

मावशी स्टोव्हकडे बघत राहिली. स्टोव्ह बंद होता.

"आबांनी शपथ घातलीया, सायेब."

हवालदार खाली बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मावशे, शपथ पाळलीस तर आबा आत जातील. तुला ते चाललं का?"

ती उठली. तांदळाच्या डब्यामागून एक घडी काढली आणि माझ्या हातात दिली. ती सीटवर टाकायची बसकर होती, गोधडीसारखी हाताने शिवलेली. पांढऱ्या चादरींचे तुकडे, काठावर लाँड्रीच्या काळ्या शाईचा पुसट आकडा. लोणावळ्यातल्या हॉटेलांतून फाटक्या चादरी बाद होतात. लाँड्रीतल्या बाया त्या घरी नेतात आणि गोधड्या शिवतात. एका कोपऱ्यात हिरव्या दोऱ्याने फूल काढले होते.

"ताईनं शिवलीया. आबांची कंबर दुखती म्हून, गेल्या दिवाळीला. सात थर घातल्यात. आबांनी ती घेतली आन् चा न पिताच गाडीत जाऊन बसले. मला वाटतं, रडले आसतील."

मग तिने बाकीचेही सांगितले. त्या सकाळी आबांनी ताईला रस्त्याने जाणाऱ्या एका गाडीत घालून दवाखान्यात पाठवले. मग चावी काढायला आपल्या गाडीत गेले. चावी चालूच राहिली होती. काय वाटले कोण जाणे, त्यांनी बसकर उचलून सीटवर हात ठेवला. सीट थरथरत होती.

"हितं आले तवा हात आसा धरला हुता, भाजल्यावानी. म्हनले, मावशे, ही लपव. तिला कळू देऊ नगं. पाय गेला तो गेला, वर ह्ये कळलं तर पोर जन्मभर जळंल."

त्याच दुपारी वाहन निरीक्षकांना बोलावले. गाडी ठाण्याच्या आवारात होती. मी स्वतः त्या सीटवर बसलो. त्यांनी यंत्र सुरू केले आणि खालून अशी थरथर आली की मी दचकून उठलो. मग बसकर टाकली आणि पुन्हा बसलो. मिनीबसचे इंजिन चालू असताना अंगाला जे जाणवते तेवढेच जाणवले, त्याहून जास्त काही नाही. बसायला मात्र फार बरे वाटत होते. मी जरा वेळ तसाच बसून राहिलो.

संध्याकाळी मी ती बसकर आबांसमोर टेबलावर ठेवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"ही हितं कशाला आनली?"

"आबा, वायर तुम्ही कापली नाही. सीटचं तुम्हाला कळलं नाही. ही पुढं आणली तर तुमच्यावरचं जड कलम जातं."

"मला न्हाई घालवायचं." त्यांनी माझे हात धरले. आरोपी हात धरतो तेव्हा आम्ही झटकतो, ती सवय असते. मला झटकता आले नाही. "सायेब, माजं काय? जेलात बी एकटा, घरी बी एकटा. तिनं मायेनं शिवली. तिच्या हातानं तिचा पाय गेला, आसं तिला कशाला सांगताय? तेवडं नगा करू."

हवालदार खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मी त्या दिवशी घरी गेलो नाही, असे लिहिले तर भारदस्त वाटेल. गेलो. वरणभात लावला आणि जेवलो नाही. बसकर कागदावर आणायची की नाही, याचा निर्णय नियमाने फार सोपा होता. मुद्देमाल जप्त करायचा, लेबल लावायचे, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. पण एका बाईला आयुष्यभर पुरेल असे दुःख आपण कागदावर लिहिणार आहोत, हे माहीत असताना पेन उचलत नाही. बोलायला घरात कुणी नव्हते. पत्नी असती तर तिने एका वाक्यात सांगितले असते, काय करायचे ते.

सकाळी मी ठरवले. ही गोष्ट ताईला कोर्टात वकिलाच्या तोंडून कळायला नको, मीच सांगायची. दवाखान्यात गेलो. ताई खाटेवर टेकून बसली होती. तिचा पहिला जबाब मला पाठ होता. "आबा थांबत्यात. रोज थांबत्यात. म्हून मी म्होरं झाले."

मी सगळे सांगितले. काही मऊ केले नाही, कारण मऊ करून सांगितलेले माणूस पुन्हा पुन्हा उकरून बघतो. ती बराच वेळ पायाच्या जागेकडे पाहत होती.

"सात थर घातलं मी," ती म्हणाली. "पाचच घालनार हुते. म्हटलं, आबांची कंबर लय दुखती."



"आबांना ह्ये ठावं हाय?"

"त्यांनीच लपवली. तुला कळू नये म्हणून सगळं स्वतःवर घेतलंय."

तेव्हा ती रडली. फार नाही. डोळे पुसले आणि म्हणाली, "सायेब, लिवा. बसकर कुनी शिवली त्ये बी लिवा, माज्या नावानं. जो मानूस रोज थांबायचा, त्याला न थांबल्याची शिक्षा नगं."

तिचा पुरवणी जबाब मी तिथेच, माझ्या हाताने लिहिला. अक्षर चांगले आले नाही.

पुढचे पोलिसी काम सरळ होते. फोनच्या नंबरावरून ठेकेदाराचा वायरमन सापडला. अर्ध्या तासात बोलला. हवा गळत असल्याने दिवा आणि आवाज सारखे चालू व्हायचे. दुरुस्तीला गाडी दोन दिवस उभी करावी लागली असती आणि हंगाम भरात होता. मालक म्हणाला, लोकांना दिसते आणि ऐकू येते तेवढे काढून टाक. सीटची थरथर फक्त बसणाऱ्याला कळते, ती राहू दे, तेवढे त्याला पुरे. ठेकेदार आणि वायरमन दोघांवर गुन्हा लागला. आबांवर साधे कलम राहिले आणि ते जामिनावर सुटले.

सुटताना मी त्यांना ठाण्याच्या पायरीपर्यंत सोडायला गेलो.

"सायेब, तुमी तुमचं काम केलं," ते म्हणाले. "पन बरं न्हाई केलं."

ते बरोबर होते की मी, हे मला अजून सांगता येत नाही.

खटला चालू आहे. बसकर मुद्देमालाच्या खोलीत आहे. कोर्टाकडे अर्ज केला तर ती परत मिळू शकते, म्हणून निवृत्तीच्या आधी मी दोघांनाही विचारले. आबा म्हणाले, "ती तिची हाय." ताई म्हणाली, "मी दिलेली वस्तू माघारी घेत न्हाई, ती आबांची हाय." अर्ज कुणीच केला नाही. लेबल लावलेली ती घडी फळीवर पडून आहे. हवालदारांनी तिच्याभोवती डांबराच्या गोळ्या ठेवल्या आहेत, एवढे त्यांनी मला फोनवर सांगितले.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे लोक विचारतात. धोका कळावा म्हणून त्या गाडीत तीन वाटा ठेवल्या होत्या. दोन लोभाने बुजवल्या आणि एक मायेने. लोभासाठी संहितेत कलम आहे. मायेसाठी मी पुष्कळ शोधले. आणखी एक शिकलो. एकटा माणूस पटकन गुन्हा कबूल करतो, कारण त्याच्या वाटेकडे कुणाचे डोळे लागलेले नसतात. ठाण्यात अशी झटपट कबुली देणारा कुणी आला, तर त्याच्या घरी कोण आहे ते आधी विचारा, असे मी नव्या मुलामुलींना सांगत असतो.

माझ्या घरी एक नवा फ्रिज आहे. दार नीट लागले नाही तर तो पीं पीं करतो. परवा मी स्वयंपाकघरात म्हणालो, "हो बाई, लावतो." बोलून झाल्यावर लक्षात आले. दार लगेच लावले नाही.

आता अधूनमधून मी सकाळीच त्या फाट्यावर जातो. आबांनी गाडी चालवणे सोडले आहे, पण ते रोज मावशीच्या बाकावर येऊन बसतात. पहिले काही दिवस मी आलो की उठून जायचे. हल्ली सरकून जागा देतात. आम्ही बोलत नाही. समोर ताई नव्या पायावर, रस्त्यापासून चार पावले मागे उभी असते. ती आबांकडे बघत नाही आणि आबा तिच्याकडे बघत नाहीत. ते बघतात उताराकडे. दुसऱ्या ठेकेदाराची नवी बस येते, वेग कमी होतो, आणि आबांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जातो, ब्रेक दाबावा तसा. बस थांबते. ताई चढते. दार लागते.

"थांबली," आबा म्हणतात, मला नव्हे, कुणालाच नव्हे. मग ते उठून घरी जातात.